आधी काठी, मंग हात

सोयगाव, मंगळवार

तीर्थरूप बाबांना मनूचा नमस्कार.

मी खुशाल आहे. इथं रेंज नाही, म्हणून आपल्या पडेगावला निघालेल्या जीपवाल्याजवळ चिठ्ठी देतेय.

संस्थेनं मदत केलेल्या परसबागा तपासतेय. बायकांनी मातीवर वीतभर पाला अंथरलाय, खाली छान ओल. गांडुळं मोजायला मी हात घालणार, तोच बागेच्या मालकीण आबेदाबींनी मनगट धरलं. "मॅडम, आधी काठी, मंग हात." त्यांनी काठीनं पाला उलटला, तर खाली घोणस वेटोळं करून बसलेली.

मला काही झालं नाही.

बाबा, लिहिताना आत्ता ध्यानात आलं. आपल्या ओट्यालगत असाच पाला मी पसरलाय. शाल्मली रोज तिथं बोटांनी गांडुळं उकरते. आई म्हणून मीच शिकवलं तिला.

जीपवाल्याला चहा नंतर द्या. आधी तिला आत घ्या.

तुमची मनू