रिपोर्टातली गाळलेली ओळ

४ मार्च, सांगली
आबांच्या स्वादुपिंडातली पहिली कुठली पेशी बिघडली? मला सांगता येत नाही. रोज लॅबमध्ये परक्यांच्या पेशींच्या स्लाइड्स रंगवते, आज सरांनी बापाची दाखवली. ऑपरेशनात गाठ काढली गेली, पण कापलेल्या कडेला बारीक नळ्या. पेशी उंच, दाटीवाटीच्या. कॅन्सर नाही. त्याच्या अलीकडची पायरी. "नळीतच सुरू झालं?" विचारलं. सर म्हणाले, "दिसतं तसं. पण पाचकरस करणारी पेशीही रूप पालटून नळीसारखी होते. आता कोण सांगणार?" उरलेल्या भागाचं दर सहा महिन्यांनी स्कॅन.

७ मार्च, गावी
घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. रिपोर्ट ऐकायला भावकी जमली. आईला कडेचं फोनवर सांगितलं होतं. तिने आधीच मला आत नेऊन दंड धरला. "तुज्या थोरल्या चुलत्यानं कॅन्सरचं नाव ऐकलं आन् अन्न सोडलं. ह्यास्नी त्ये नगं सांगू." कडेची ओळ गाळून वाचलं.
आबा खूश. "फौजेत सतरा वर्सं कुणी पोटात डोकावलं न्हाई, आन् पोरगी आतनं बघून आली की!" सगळे हसले. मीही.
खरं सांगता यावं म्हणून शिकले ना?

२९ ऑगस्ट, सांगली
फोन केला. स्कॅनचं काढलं.
"गाठ गेली न्हवं? मग कशाला? लय काम हाय हितं."
आई म्हणते, तंबाखू पुन्हा सुरू. दादाला म्हटलं, सांगूया. "शिकलीस म्हंजी बापाला मारतीस व्हय?"
त्याचंही चूक म्हणता येत नाही. थोरले चुलते मीही पाहिलेत.

६ सप्टें., गावी
कोणालाच विचारलं नाही. आबा गोठ्यात होते. समोर बसून रिपोर्ट पहिल्यापासून वाचला, मराठी करत. कडेची ओळ दोनदा.
"मंजी हुईल?"
"होईलच असं नाही. बघत राहायचं."
"सहा म्हैनं तुला म्हाईत हुतं?"
"व्हय."
वैरण टाकायची राहिली, तसेच बाहेर गेले. दुपारी जेवले नाहीत. आई बोलत नाही.
परवा स्कॅन. येतील का, ठाऊक नाही. निघताना ती ओळ मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिली, खाली माझी सही केली, आणि कागद त्यांच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात घालून आले.