विचारल्याबिगर उठायचं न्हाई

४ मार्च, मंगळवार
आज परत तेच! बचत गटाच्या पापडाच्या शेडमधी थोरली जाऊ – रतनबाई – दारात खुर्ची टाकून बसलेली. आरती पानी प्यायला उठली तर म्हनं, "कुनाला इचारून उठलीस?" आता तहान बी इचारून लागायची का? म्हाताऱ्या बयाबाईनं नाचणीच्या उकडीत मीठ टाकलं, तर हिनं तिच्यादेखत चाखून वर आपली चिमूट टाकली. माझं डोकं फिरलं. पन घरात बी तीच थोरली, शेडमधी बी तीच अध्यक्ष. गिळलं.

५ मार्च
नवा कायदा – बोलायचं न्हाई, जागा सोडायची न्हाई. काय बी झालं तरी आधी जाऊबाईला सांगायचं.
पयलं एकीचं पीठ सुकलं की शेजारची न सांगता पान्याचा हात लावायची. आज आरतीची लाटी माझ्यासमोर फाटत हुती. मी बघत बसले.

८ मार्च
झालं! दुपारी जाऊबाई बँकेत. अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर पापड वाळत घातलेले, आन् शेजारच्या सोनबाच्या शेळ्या शिरल्या! आमी साऱ्या खिडकीतनं बघतोय. आरती म्हनली, "रतनकाकूंना फोन लावू का?" लावला. लागंना. तिकडं शेळ्यांचं कुडुमकुडुम चालूच.
बयाबाई म्हनली, "खाऊ द्या. त्यांनी इचारलंय का तेवढं बघा."
पोट धरून हसलो. उठलं कुनीच न्हाई. मी बी न्हाई.
सांजच्याला जाऊबाई रिकाम्या कागदाकडं बघून रडली. "एकीला बी उठता आलं न्हाई?"
उठू दिलंस का कदी? – तोंडावर बोलले न्हाई. हितं लिहिते.

१० मार्च
गट मोडला. बयाबाईनं आपल्या घरी येगळं काम मांडलं, साऱ्या तिकडं गेल्या. मला बी सांगावा आला. निघताना जाऊबाईनं इचारलं, "कुठं?" म्या पोळपाट काखेत मारला. बस म्हनावं आता एकटी, दारात खुर्ची टाकून!

११ मार्च
बयाबाईच्या घरात नुसता कालवा, हसनं. कोन पीठ मळतंय, कोन लाटतंय, पत्ता न्हाई. आरतीचा पापड एका कडंनं जाड झाला. म्या तिच्या हातातनं लाटणं वढून घेतलं – "असं न्हाई, असं! किती डाव सांगायचं?"
साऱ्यांची लाटणी थांबली.
बयाबाई मान वर न करता म्हनली, "रतनबाई आली वाटतं."
म्या वळून बघितलं. दारात कुनी न्हवतं.