वाफेपासून लांब

प्रिय धाकटे,

आधी हे वाच, मग बॅग भरायची का ते ठरव. तुझी लेक बरी आहे. आत्ता भुंगी धुण्याच्या टोपलीत बसून तुझ्या भावोजींच्या मोज्यांच्या जोड्या मोडते आहे.

दोन दिवस साधी सर्दी होती. रविवारी संध्याकाळी ती अशी खोकली, की आमच्या लॉन्ड्रीत कुत्रं शिरलं म्हणून भावोजी झाडू घेऊन धावले. आवाज पार बसलेला, आणि रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश शिट्टी. भावोजींना कुठल्याही दुखण्यावर वाफच सुचते. त्यांनी तिला कडेवर घेऊन मोठी वाफेची इस्त्री सुरू केली. ती घाबरून रडू लागली, आणि जितकी रडली तितकी शिट्टी वाढली. मी तिला उचललं, मागच्या पायरीवर गार हवेत मांडीवर ताठ बसवलं आणि तोंडाने तुझ्या जहाजाचा भोंगा हळू आवाजात वाजवत राहिले. रडं थांबलं, शिट्टीही उतरली. तरी मी भरवसा ठेवला नाही. तिला घेऊन तसाच दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला क्रूप म्हणतात. स्वरयंत्राजवळ सूज येते. सूज उतरवणारं औषध त्यांनी एकदाच पाजलं. वाफेचं ऐकून भावोजींना म्हणाल्या, “इस्त्रीने शर्ट सरळ करा, पोरं नकोत.” वाफेचा उपयोग नाही, भाजायची भीती मात्र खरी. रात्री खोकला पुन्हा उसळू शकतो, म्हणून आम्ही तिच्याजवळच झोपतो. ती शांत असतानाही शिट्टी ऐकू आली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली, ओठ निळसर झाले, किंवा गिळता न येऊन लाळ गळू लागली, तर क्षणभरही न थांबता रुग्णवाहिका. भावोजींकडून हे मी रोज वदवून घेते. कालपर्यंत लाळ विसरायचे; आज पास झाले.

आता मुद्द्याचं. तुझ्या जहाजावरच्या मुख्य इंजिनिअरबाईंचा फोन आला होता. पुढच्या बंदरावर तू नोकरी सोडून कायमची उतरते आहेस म्हणे. आई जवळ नाही म्हणून हे झालं, असं तू मनाशी धरलंयस. अगं, हा आजार आईच्या मांडीवरही होतो. त्या इंजिनरूमपर्यंत पोचायला तू काय काय सोसलंस, ते मी पाहिलंय. फोनवर तू नुसती रडली असतीस, म्हणून लिहिलं. भुंगीचा श्वास कसा ऐकायचा ते मला आता कळतं. तू तुझ्या इंजिनाचा ऐक. उतरू नकोस.

तुझीच,
थोरली