कुंडीखालचा तवा

प्रिय धाकटे,

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या वेळी तुझ्या बाल्कनीत, कोरफडीच्या कुंडीखाली, मला आईचा बिडाचा तवा सापडला. कुंडीतलं पाणी झिरपून त्यात साचलं होतं आणि तवा विटेसारखा लाल झाला होता. तीस वर्षं मी पाणीखात्याच्या तक्रार विभागात काढली, म्हणून आधी तारीख-वेळ लिहायची खोड जात नाही. मी काय बोलले तेही नोंदवते. तुझ्या सुनेसमोर तुला म्हणाले, "धांदरट ती धांदरटच! आईची एवढी एक वस्तू सांभाळता आली नाही." तू नेहमीसारखी हसली नाहीस. "ताई, मला कुठे काही सांभाळता येतं," एवढंच म्हणालीस आणि चहा गाळायला आत गेलीस. मी तवा शालीखाली घेऊन चालती झाले. त्याला आज आठ दिवस झाले. तू माझा फोन उचलत नाहीस.

तेव्हा आता पत्रातूनच ऐक. हार्डवेअरवाल्याकडे तारेची घासणी मागितली, तर तो तवा पाहून म्हणाला, "मावशी, टाकून द्या हो, नवा घ्या." मी म्हटलं, "तुमचे गुडघे कुरकुरतात, ते ऐकू येतंय मला. घरच्यांनी टाकलं का तुम्हाला?" घासणी घेऊन आले. परातीत निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून त्यात तवा बुडवला. अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर व्हिनेगर गंज संपवून लोखंडच खायला लागतं. मी घड्याळ लावून समोर बसले. बारीक बुडबुडे वर येत होते, तळाशी कोणी झोपेत श्वास घेत असल्यासारखे. पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं आणि मला वाटलं, आता यातून आईचा हात वर येईल आणि म्हणेल, बस झालं, काढ.

मग घासलं. माझे तळवे लाल, बाह्या लाल, नाकाचा शेंडासुद्धा लाल. गंजाखालून राखाडी लोखंड निघालं, अगदी कोवळं, कधी ऊन न पाहिलेलं. धुवून ओट्यावर ठेवलं आणि फोन वाजला. तूच असशील म्हणून ओल्या हातांनी धावले. कोणीतरी विमा विकत होतं. त्याला झापून परत येते तो तव्यावर पुन्हा केशरी झाक! उघडं लोखंड ओलं राहिलं की क्षणात गंजतं. आई म्हणूनच धुतल्या धुतल्या तवा आचेवर चढवायची, आठवतं? पुन्हा घासलं. या खेपेला फोन वाजू दिला. तो तुझा नव्हता ना?

पुढे तेलात माझं नडलं. माझा हात सढळ. भरपूर तेल चोपडून ओव्हनमध्ये ठेवला, तर बाहेर आला तो चिकट, मध सांडल्यासारखा. सगळं पुसून, घासून पुन्हा पहिल्यापासून. आई फडक्याच्या टोकाने तेल लावायची आणि लगेच कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायची, चुकून लागलं असावं असं. तसं केलं. तवा पालथा घालून तासभर तापवला आणि आतच निवू दिला. असं तीनदा. दुपारचं ऊन फरशीवरून सरकत होतं, घरभर तापल्या लोखंडाचा वास होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला ते जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आई नाकातल्या नाकात गुणगुणतेय. टेबलाखाली तुझं घर, माझ्या जुन्या वह्यांच्या भिंती, आत तू. मी वाकून पाहिलं तर तू झोपलेली होतीस, गालाखाली हात घेऊन. मग ओव्हनची घंटा वाजली.

तवा आता काळाभोर झालाय, संध्याकाळच्या तळ्यासारखा. आज सकाळी अंडं टाकलं, ते आपोआप सरकलं. फक्त काठाचा टवका उडाला होता, तो खड्डा तसाच आहे, नखाएवढा. गंजाने तो भरून आला होता, मी घासून पुन्हा मोकळा केला. तू आयुष्यभर त्याचा विनोद करत आलीस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचीस, "मी पाच वर्षांची असताना लोखंड तोडलंय, माझ्या नादी लागू नका." सगळे हसायचे. मीही हसायचे.

शुक्रवारी तुझ्या सुनेला फोन केला होता, तुला सांगायचं नाही असं बजावून. ती म्हणाली, "मावशी, आई त्यात कधीच काही करत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून परत पडला तर? पण फेकवतही नाही. रोज पाणी घालताना दिसावा म्हणून त्यांनीच तो कुंडीखाली ठेवला."

म्हणून आता दुसरी नोंद. शनिवार, अठ्ठावीस नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटे. मी अकरा वर्षांची. आई वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. तवा गरम आणि माझ्या हातात ओलं फडकं. चटका बसला आणि तवा माझ्याच हातून पडला. आई धावत आली. मी म्हटलं, "धाकटीने फडकं ओढलं." तू टेबलाखाली झोपलेली होतीस, आवाजाने दचकून उठलीस आणि रडायला लागलीस. आईला ते रडणं म्हणजे कबुली वाटली. पुढे तुलाही आपणच तो पाडला असं वाटत गेलं. त्या दिवसापासून तुझ्या हातात कोणी गरम काही दिलं नाही. जाताना आईने तवाही तुलाच दिला, जिने तोडला तिनेच जपावा म्हणून. मी शेजारीच उभी होते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी दर शुक्रवारी चुका कबूल करायला शिकवलं होतं. मी न केलेला अभ्यास कबूल करायचे, वर्गातली कुजबुज कबूल करायचे. हे कधीच नाही.

शाळेत चूक शंभरदा लिहावी लागे. सोबतच्या कागदावर 'तवा मी पाडला, धाकटीने नाही' हे बारा वेळा लिहिलंय. पुढे बोटं वळेनात. तो कागद सुनेला दाखव, नातवंडांना दाखव. तवा तुझा आहे, तो घेऊन मी येणारच. पण त्याआधी मला तुझ्या हातचं लेखी उत्तर हवं, शनिवार, बावीस फेब्रुवारी, दुपारी चारच्या आत. फोन चालणार नाही, फोनवर तू लगेच विरघळतेस. वाटेल तेवढं खडसाव, पानंच्या पानं भर. फक्त 'ताई, जाऊ दे' असं लिहू नकोस. तेवढंच लिहिलंस, तर पत्र परत पाठवीन.

तुझीच,
खरी धांदरट,
ताई