झबल्याची बटणं

धाकटे,

दादाच्या बाळाचं बाप्तिस्म्याचं झबलं दारामागे टांगलंय. हात धुऊन मगच घे. काल रागाच्या भरात मी त्याची गळ्याची बटणं काढून टाकली होती, म्हणजे ऐनवेळी तुला माझ्याकडेच धावत यावं लागलं असतं. आज सकाळी उठून पुन्हा लावली. झबलं शिवणारी मी, चर्चचा एकही रविवार न चुकवणारी मी, आणि बाळाची धर्ममाता तू! दादा म्हणतो, "तिच्या अंगावर जबाबदारी पडू दे, म्हणजे शहाणी होईल." मी आधीच शहाणी होऊन बसले, हीच माझी चूक.

वहिनीला एकटीला सगळं आवरायला लावू नकोस. पाळकांच्या हातात बाळ देताना मानेखाली हात धर. मी येणार नाही म्हटलं होतं, पण घरी बसून जळण्यापेक्षा तिथे जाऊन जळते. फुलंही लावायची आहेत.

"या बाळाला देवाच्या वाटेवर वाढवायची जबाबदारी कोण घेतं?" असं पाळक विचारतील, तेव्हा मोठ्यानं "मी घेते" म्हण. तुझा आवाज घशातच अडकतो. अडकला, तर मागच्या बाकावरून मी म्हणेन.

नाही अडकला, तरी म्हणेन.

ताई