आमेनची वाट

माझ्या सहधर्मचारिणीस प्रेमाचा सलाम.

एक दाढ सोडली तर तब्येत ठणठणीत आहे. कारखान्यात सगळे मला ‘पंडित’ म्हणतात. फळ्यावरची सूचनाही मी संधी सोडवून वाचतो, अशी तक्रार आहे.

काल कँटीनमध्ये जेवणाआधीची प्रार्थना केली आणि डोळे मिटून बसूनच राहिलो. समोरच्या वेल्डरने हलवलं. “पंडित, झोपलात काय? जेवण गार झालं की!”

मग कळलं, मी आमेनची वाट बघत होतो. आपल्या घरी तो शब्द लेकीचा. मी प्रार्थना लांबवली की ती मधेच “आमेन!” म्हणून पोळीला हात घालायची, आणि तू हसू दाबायचीस.

तिने आधी चर्च सोडलं, मग आपल्याशी बोलणं. खरं सांगू? आता वाईटही वाटत नाही. काहीच वाटत नाही. स्थितप्रज्ञ व्हायला लोक जन्म घालवतात, मला फुकटात जमलं.

गुडघा कसा आहे? तिचा फोन आला का, हे विचारत नाही.

तू एकटी जेवायला बसतेस तेव्हा आमेन स्वतःच म्हणतेस, की थांबतेस? म्हणत असशील तर मी रागावणार नाही. थांबत असशील, तर ताट झाकून ठेवत जा.

तुझाच,
इकडे गार जेवणारा