विहिरीच्या वाटेची ओळ

नाना,

मायन्यात 'तीर्थरूप' नाही, साष्टांग नमस्कारही नाही. तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलावंसं वाटलं, तेही भांडायला.

दुपारी माधव वकीलपत्र घेऊन आला. "ताई, इथे सही कर, बस. उद्या तारीख आहे." गल्लीच्या दाव्यात तुमच्या जागी वारस म्हणून आता आम्हा भावाबहिणीची नावं लागली आहेत. मतलब, तुम्ही सुटलात आणि तुमचं खोटं आमच्या गळ्यात आलं. वा नाना, छान वारसा ठेवलात! मी सही केली नाही. माधव दार आपटून गेला.

ती गल्ली आपली कधी होती हो? घराच्या डाव्या अंगाने ती मागच्या सरकारी विहिरीवर जायची. समोरच्या चाळीतली मिलवाल्यांची सगळी बिऱ्हाडं त्याच वाटेने पाणी भरायची. मिलचा भोंगा व्हायच्या आत बायकांच्या घागरींचे आवाज सुरू व्हायचे आणि मला त्यानेच जाग यायची. आईच्या शेवटच्या आजारात आपला नळ कोरडा पडला होता, तेव्हा चाळीतली गोमतीबाई रोज दोन घागरी आपल्या मोरीत आणून ओतायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे विसरलात?

मध्यप्रदेश झाला, ओळखीचे साहेब गेले, कुठून कुठून नवे आले. तुम्ही बरोबर हेरलंत की होळकरी अमलातले मोडी कागद वाचणारं आता दफ्तरात तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. त्याच हिवाळ्यात गल्लीत विटा पडल्या. माधवचं लग्न ठरलं होतं, खोली हवी होती. चार महिन्यांत वाट गेली आणि खोली उभी राहिली.

आणि हे कोणी करावं? दुसऱ्यांना अतिक्रमणाच्या नोटिसा लिहिणाऱ्या माणसाने! संध्याकाळी ओटल्यावर बसून अख्ख्या मोहल्ल्याला फुकट सल्ले द्यायचात. रस्त्यात कोणी बांधलं तर नगरपालिकेत अर्ज द्या. सरकारी जमीन दाबली तर तहसीलदाराकडे जा. लोकांची वाट अडवली असेल तर थेट मॅजिस्ट्रेटकडे, कलम एकशे तेहतीस. "घबराने का नई भिया, कायदा अपने साथ है." गोमतीबाईचा रामरतन तेव्हा पायरीवर बसून हे सगळं मन लावून ऐकायचा. मग त्याने तुमच्याचविरुद्ध एकशे तेहतीसचा अर्ज दिला, तर "उपकार विसरला साला" म्हणून कशाला ओरडत होतात? चांगला विद्यार्थी निघाला की तो!

त्या अर्जाची सुनावणी तुम्ही किती चवीने सांगायचात! मॅजिस्ट्रेटसाहेब जबलपूरकडचे. जागा आपली म्हणून तुम्ही पुढे केलेला होळकरांच्या वेळचा मोडी कागद त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला, आणि शेवटी म्हणाले, "पंडितजी, ये आप ही पढ़कर नागरी में लिख दीजिए." ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच वाचायला बसवलं! समोर वकील नव्हता. रामरतन बिचारा हात जोडून उभा होता. तुमची नागरी नक्कल फाइलला लागली, अस्सल कागद तुम्हाला परत मिळाला आणि साहेबांनी हुकूम दिला की वाट लोकांची असल्याबद्दल वाद आहे, आधी दिवाणी कोर्टातून हक्क ठरवून आणा. हे सांगून झालं की तुम्ही सुपारी तोंडात टाकायचात.

पण ती नक्कल लिहिली कोणी, हे कधी सांगितलं नाहीत. मी लिहिली! मी तेव्हा इंटरला होते. तुमचा हात थरथरायचा म्हणून तुम्ही वाचत होतात आणि मी उतरवत होते. तुम्ही एका जागी थांबलात आणि पुढच्या ओळीवर गेलात. मी म्हटलं, "नाना, मधली एक ओळ राहिली."

"ती आपल्या कामाची नाही, वच्छे. पुढे लिही."

आणि मी लिहिलं. मला ती ओळ दिसत होती, वाचता येत होती. पाटीवर मोडी तुम्हीच तर गिरवून घेतली होती माझ्याकडून. टाक शाईत बुडवला आणि पुढची ओळ लिहिली. किती वळणदार अक्षर काढलं होतं मी! त्या अक्षराची आज मला शिसारी येते.

रामरतनने मग दिवाणी दावा लावला, तोच अजून चालू आहे, आणि चाळीतल्या बायका नाल्याकडून वळसा घालून विहिरीवर जाऊ लागल्या. नाल्यावर एक फळी टाकलेली आहे, तुम्ही पाहिली नसेल, तुम्हाला तिकडे जायची गरजच कधी पडली नाही. मागच्या श्रावणात गोमतीबाई भरल्या घागरीसकट त्या फळीवरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर आहे. तुम्ही जिवंत होतात, नाना. समोरच्या चाळीत तुम्ही एकदाही गेला नाहीत.

मी गेले होते. माझी मान वर होत नव्हती. ती बिचारी मलाच समजावत होती, "रो मत बेटी. थारा बाप तो दफ्तर का आदमी. कागद में लिख्यो है तो सच्चो होयगो." ऐकताय ना? जिची वाट तुम्ही बंद केलीत तिचा तुमच्या लिहिण्यावर विश्वास! तिने शिव्या दिल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. तुमचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

आता रुमालाचं बोलू. जायच्या दोन दिवस आधी तुम्ही मला जवळ बोलावलंत. ट्रंकेत लाल रुमालात जुने कागद बांधलेले आहेत, म्हणालात, त्यातला विहिरीचा कागद जाळून टाक. माधवला नाही सांगितलंत, मला सांगितलंत. मी आज्ञाधारक ना!

मी तेव्हापासून एकच विचार करते आहे. तुम्ही स्वतः का नाही जाळलात? एवढी वर्षं तो घरात होता, चूल रोज पेटत होती. तुमच्याने झालं नाही, होय ना? उभा जन्म दफ्तरात गेला, कागदाला वाळवी लागली तरी तुम्हाला जेवण जात नसे. खोटी नक्कल करताना हात अडला नाही, पण अस्सल कागद चुलीत घालायला धजला नाही. धन्य तुमची इमानदारी! आणि मग जे तुमच्याने होत नव्हतं ते पाप माझ्या हातून करवून घ्यायचं?

कागद माझ्याकडे आहे. जाळला नाही, जाळणारही नाही.

माधव म्हणतो, खोली पडली तर सुमन आणि पोरीला घेऊन जाऊ कुठे? त्याचं चुकत नाही. त्या खोलीत त्याचा संसार आहे, पोरीचा पाळणा अजून तिथेच टांगलेला आहे. तुम्ही त्यालाही फसवलंत, दुसऱ्यांच्या वाटेवर त्याचं घर मांडून दिलंत. मी त्याला सांगितलं आहे, समोरची माझी खोली तू घे, मी स्वयंपाकघरात पथारी टाकीन. "तुझं डोकं फिरलंय," म्हणाला. फिरलं असेल.

तर नाना, वचन देते, आणि तुम्हाला न विचारता देते. उद्या कोर्टात वारस म्हणून माझं नाव पुकारतील तेव्हा मी वकीलपत्र नाही, तो कागद पुढे करीन. फाइलमधल्या नकलेवरचं अक्षर कोणाचं, असं विचारलं तर माझं म्हणून सांगेन. माझी सरकारी शाळेतली नोकरी जायची असेल तर जाईल. साहेबांना मोडी येत नसेल तर खुशाल दुसरा वाचणारा बोलवावा, माझ्या एकटीच्या वाचण्यावर त्यांनी अजिबात विश्वास ठेवू नये. तुमच्यावर ठेवला होता, त्याचं काय झालं ते गोमतीबाईच्या खाटेशी जाऊन पाहावं. आणि भिंत पडली की त्या गल्लीतून पहिली घागर मी भरून नेईन, तिच्या घरी.

तुम्ही गाळलेली ओळ आज पहिल्यांदा नागरीत उतरवते आहे. अक्षर तेच आहे, ओळखाल:

'विहिरीची वाट सर्व रयतेची असे. ती कोणी बंद करू नये.'

तुमची मुलगी, आणि तुमची नक्कल लिहिणारी,
वत्सला